मोरपंखी कपाट

डोंबिवलीतल्या आमच्या घरात काही वस्तू कुणाला आवडतात म्हणून नाहीत, टाकवत नाहीत म्हणून आहेत. सासूबाईंच्या लग्नात, 1974 साली, त्यांच्या वडिलांनी दिलेलं लोखंडी कपाट. तपकिरी सनमायकाचं शोकेस. भिंतीवरचा प्लास्टरचा मोर, ज्याच्या डोळ्यांतला रंग कधीच उडून गेलाय. मुलाचं म्हणणं, सगळं भंगारात द्या आणि नवीन घ्या. मी दुकानांत फिरून आले. आमच्या बजेटात बसणारं बहुतेक फर्निचर पार्टिकल बोर्डाचं, पाणी लागलं की कडा फुगणारं. आणि कपाटाचा पत्रा मात्र अजून इतका जाड, की बुक्की मारली तर आपलाच हात दुखावा. मग ठरलं, रंग द्यायचा. आणि रंगारी न लावता आपणच द्यायचा.

सासूबाईंनी एकच अट घातली. "बाहेरून काय हवं ते कर. आतल्या बाजूला ब्रश लावायचा नाही." कारण दाराच्या आत दर लक्ष्मीपूजनाला काढलेली कुंकवाची स्वस्तिकं एकावर एक बसली आहेत. त्यांच्या खाली बॉलपेनने लिहिलेला दुधाचा हिशेब, कुणाचा तरी सहा आकडी फोन नंबर, आणि मुलांची उंची मोजलेल्या रेघा. तो आमच्या घराचा सातबाराच. मी मुकाट्याने आतल्या कडांना मास्किंग टेप लावला.

कोपऱ्यावरच्या रंगाच्या दुकानात एक वयस्क रंगारी बसलेले असतात. माझ्या हातात शेड कार्ड बघून म्हणाले, "ताई, पेपर मारल्याशिवाय डबा उघडायचा नाही." हे त्यांचं शंभर टक्के खरं. पण कोरडा पॉलिश पेपर मारा म्हणाले, ते मी ऐकलं नाही. घरात रांगता नातू आहे आणि कपाट पन्नास वर्षांपूर्वीचं. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखांत 90 भागांपेक्षा जास्त नको, हा नियम 2016 चा. तो लागू झाला 1 नोव्हेंबर 2017 पासून. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, आणि कोरडं घासलं की त्याची धूळ जमिनीवर बसते, तिथून बाळाच्या हातात आणि हातातून तोंडात. म्हणून नातवाला तेवढ्यापुरतं त्याच्या आजोळी धाडलं, तोंडाला मास्क बांधला आणि वॉटर पेपर बादलीत बुडवून बुडवून घासलं.

त्याआधी साबणाच्या पाण्याने धुणं आलंच. मुठीभोवती डोक्याच्या तेलाचा, हातांचा इतका चिकट थर होता, की त्यावर कुठलाच रंग धरला नसता. पायांना गंज चढलेला. रोज फरशी पुसताना पाणी तिथेच साचतं. तो तारेच्या ब्रशने, बोटं लाल होईस्तोवर काढला. एक गोष्ट मात्र सांगते, जुना रंग पोपडे न धरता घट्ट बसलेला असेल, तर तो मुळापासून काढायची गरज नसते. चकाकी मरेपर्यंत घासलं की पुरे. घासताना पत्र्यावरून राखाडी ओघळ येत राहतात, ते जुन्या फडक्याने टिपायचे आणि ते फडकं धुवायच्या कपड्यांत न टाकता पिशवीत बांधून फेकायचं.

उघडा पडलेला पत्रा ओला राहिला तर रात्रीतून पुन्हा तांबूस होतो. तेव्हा पंख्याखाली खडखडीत कोरडा करून त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा हात मारला. ते लालसर रूप बघून यजमान घाबरले. "हे असंच राहणार?" पोचे पडले होते तिथे लांबी भरली, ती वाळल्यावर बारीक पेपर, आणि मग कुठे रंगाचा डबा.

रंगावरून घरात रीतसर वाद झाला. यजमानांना पांढरा हवा होता. सासूबाई म्हणाल्या, "दवाखान्यात झोपल्यासारखं वाटेल." माझा विरोध वेगळ्या कारणाने: पांढरा ऑइलपेंट, विशेषतः अंधाऱ्या खोलीत, पिवळा पडतो, आणि आमच्या आतल्या खोलीत उजेडाची बोंबच आहे. शेवटी मोरपंखी ठरला, तोही सॅटिन, कारण चकचकीत रंगात पत्र्याचा प्रत्येक पोचा ओरडून दिसतो. सपाट भागाला फोमचा रोलर, कोपऱ्यांना ब्रश. हात पातळच मारायचे. जाड हात मारला की ओघळ आलाच म्हणून समजा. दोन हातांमध्ये रात्र जाऊ दिली, खिडक्या सताड उघड्या ठेवल्या. सासूबाई दुपारभर शेजारी जाऊन बसायच्या, पण येता-जाता टेप नीट आहे ना ते बघून जायच्या.

शोकेसची कथा छोटी. सनमायकाचा गुळगुळीतपणा मोडायला 180 नंबरचा पेपर, मग सनमायकासारख्या पृष्ठभागाला धरून राहणारा प्रायमर, मग पाण्यात मिसळायचा इनॅमल. वास कमी, सुकतो लवकर. पण सुकला म्हणजे पक्का झाला असं नाही. त्याची दारं काही दिवस किलकिली ठेवली आणि आतल्या बाहुल्या, कप-बश्या लगेच मांडल्या नाहीत. नाहीतर बशीबरोबर रंगही उचलून येतो. मोराला मात्र मी रंगवलं नाही. तो रंगवूनही वाईटच दिसला असता. त्याला निरोप दिला.

सागवानी टीपॉय यजमानांना मोरपंखीत ओढायचा होता. तिथे मी आडवी पडले. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून टीपॉयच्या खालच्या बाजूला फिरवला. पृष्ठभाग चिकट झाला, म्हणजे वर चपड्याचं पॉलिश आहे. ते पुन्हा उजळता येतं. सागाचे रेषे रंगाखाली पुरायचे आणि मग लाकडी छाप्याचा सनमायका पैसे मोजून आणायचा, हा उफराटा कारभार आहे. पितळेच्या फुलदाणीलाही हेच लागू. तिला चिंच लावा, रंग नको.

माझं मत विचाराल तर रंग द्यावा तो पत्र्याला, सनमायकाला, प्लायला. साग, शिसम, पितळ यांना पॉलिश. आणि दिवाळीच्या घाईत पाऊस पुरता उघडण्याआधी डबा उघडू नका. हवेत दमटपणा असेल तर ऑइलपेंट वाळता वाळत नाही. घरात लहान मूल असेल तर जुना रंग कोरडा घासू नका, कितीही अनुभवी रंगारी सांगत असला तरी.