शह, मात आणि दोन सेल

आमचे आबा बुद्धिबळ खेळतात असे म्हणणे फारसे बरोबर नाही. ते पटासमोर बसतात. तपकीर ओढतात, समोरच्या डोंगराकडे पाहतात आणि अर्ध्या-पाऊण तासाने एखादे प्यादे असे काही पुढे सरकवतात, की जणू लेक सासरी पाठवताहेत. आबा माझे थोरले चुलते. वय पंच्याऐंशी, मुक्काम कुडपण, तालुका पोलादपूर. गणपतीला मी मुंबईहून गावी गेलो की आमचा डाव मांडला जातो आणि परतीची गाडी आली की मोडला जातो. गेली अकरा वर्षे आमच्यात कोणी हरलेले नाही. यंदा मात्र एक डाव पुरा करायचाच, असे मी ठरवले. समोरचा माणूस पंच्याऐंशीचा झाला, की "उरलेला पुढल्या वर्षी" म्हणताना जीभ जरा अडखळते.

म्हणून बुद्धिबळाचे घड्याळ घ्यायला गेलो. ही युक्ती काही माझी नव्हे. साहेबाच्या देशातही आबा होतेच. 1861 साली अँडरसन आणि कोलिश यांच्या सामन्यात वाळूची घड्याळे ठेवावी लागली. 1883 च्या लंडनच्या स्पर्धेत एका दांडीवर सी-सॉसारखी बसवलेली दोन घड्याळे आली. एक चालले की दुसरे थांबे.

दुकानदाराने आधी चावीचे दाखवले. वेळ संपली की त्याच्या तबकडीवरचा इवलासा झेंडा पडतो. मला ते आवडले. पण तो म्हणाला, "डिजिटल घ्या साहेब, यात फिशरची सोय आहे." बॉबी फिशरने 1989 साली पेटंट मिळवलेली ही सोय अशी, की प्रत्येक खेळीमागे तुमच्या वेळात ठरलेली सेकंदे जमा होतात.

"सोप्यातले सोपे द्या," मी म्हणालो. त्या सोप्यातल्या सोप्याच्या पोटावर तेवीस पर्यायांचा तक्ता छापलेला होता.

कुडपणला पोचल्यावर कळले, की त्यात सेल नाहीत. बाहेर पाऊस कोसळत होता. शेवटी एक सेल भिंतीवरच्या घड्याळातला काढला आणि दुसरा काकीच्या ट्रान्झिस्टरमधला. मग पर्याय निवडणे आले. कळ दाबून धरायची, आकडा लुकलुकला की सोडायची. पहिल्या प्रयत्नात आबांना तीस मिनिटे मिळाली आणि मला तीन तास.

"पुतण्या शोभतोस खरा," आबा म्हणाले.

चौथ्या प्रयत्नाला दोघांना तीस मिनिटे आणि खेळीमागे तीस सेकंद असा न्याय झाला. मी आबांना नियम समजावले. ज्या हाताने सोंगटी हलवायची, त्याच हाताने कळ दाबायची. खेळी झाली की तीस सेकंद वाढतात.

आबांनी तपकिरीची डबी मिटली. "म्हंजे खेळत राह्यलं की वेळ वाढतो?"

"हो."

"आन् नुसतं बसून राह्यलं की सरतो?"

"हो."

"मग हे आधी का न्हाई आणलंस?"

आणि ज्यांनी अकरा वर्षांत डोंगराकडे पाहिल्याशिवाय उंट हलवला नव्हता, ते आबा दहा सेकंदांत खेळू लागले. घोडा, फट्! हत्ती, फट्! त्यांची तीस मिनिटांची चाळीस झाली. मी मात्र शहरातला शहाणा माणूस, विचार करत बसलो. मधूनच भिंतीकडे पाहून खात्री करून घेत होतो, की गाडीला अजून अवकाश आहे. आठच वाजले होते. बऱ्याच वेळाने पुन्हा पाहिले, तेव्हाही आठच वाजले होते. माझा वजीर फार मोक्याच्या जागी आला होता. एवढ्यात आबा शांतपणे म्हणाले, "तुझं शून्य झालं बघ."

खरेच झाले होते. त्याच क्षणी मला भिंतीवरच्या घड्याळाचा सेलही आठवला. लाईट रात्रीच गेल्यामुळे मोबाईलही निपचित पडला होता. काकी चुलीपाशी हसत होत्या. पोलादपूरची गाडी कधीच गेली होती.

"बरं झालं," आबा सोंगट्या पुन्हा मांडीत म्हणाले, "उद्या जाशील." मग घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाले, "पुढल्या वर्षी येताना सेल मात्र घेऊन ये. काकीचा ट्रान्झिस्टर बंद ऱ्हातो."

मी चार सेल आत्ताच आणून ठेवले आहेत.