पत्ता आणि इलाखा

एका संस्थेच्या पुण्यातील मुख्य कचेरीत इंटरनेटवरून चालणारी दूरध्वनियंत्रणा बसल्यावर तालुक्यांच्या गावांतील शाखांचे कॉल नीट होत नाहीत, अशी तक्रार तपासासाठी माझ्याकडे आली, तेव्हा फोन, तारा, स्विच सारे शाबूत होते. आणि तरीही एका शाखाधिकाऱ्यांचा आवाज कचेरीत स्पष्ट उमटत असता कचेरीचा एक शब्दही त्यांच्या कानी पडत नव्हता. "साहेब, ऐकू येतंय का? तुम्ही बोलत का नाही?" असे ते विनवीत राहत, आणि अर्ध्या मिनिटाच्या सुमारास तो कॉल दर वेळी तुटे.

ही यंत्रणा एसआयपी या पद्धतीवर चाले. या पद्धतीत, जिची प्रचलित संहिता 2002 सालची आहे, घंटी वाजवणे, उत्तर देणे, संभाषण संपवणे हे संदेश एका वाटेने जातात आणि प्रत्यक्ष आवाज आरटीपीच्या दुसऱ्या वाटेने. आवाज कोठे पाठवावा तो पत्ता मात्र संदेशाच्या पोटात लिहिलेला असतो. शाखेतील राउटर बाहेर जाणाऱ्या पाकिटावरचा खाजगी पत्ता बदलून त्यावर सार्वजनिक पत्ता घालतो, पण आतल्या पत्रातील मजकुराला तो सहसा हात लावत नाही. म्हणून शाखेच्या फोनने आत लिहिलेला 192.168.1.20 हा पत्ता जसाच्या तसा पुण्याला पोचे आणि कचेरीतील एक्स्चेंज इमानेइतबारे आपला आवाज त्याच, बाहेरून कधीही न गाठता येणाऱ्या ठिकाणी रवाना करी.

कॉल तुटण्याचे कारण वायरशार्क या साधनाने टिपलेल्या संदेशांत सापडले. एक्स्चेंजमधून '200 ओके' निघे, शाखेला मिळे, आणि शाखेचा फोन त्याची पोच म्हणून 'एसीके' पाठवी. परंतु पूर्वीच्या मांडणीत आवाजापुरताच सार्वजनिक पत्ता नोंदवला गेल्यामुळे उत्तरातील कॉन्टॅक्ट या ओळीत एक्स्चेंजचा 10 ने सुरू होणारा अंतर्गत पत्ता राही, आणि ती पोच शाखेच्याच हद्दीत विरून जाई. मग तेच '200 ओके' अर्ध्या सेकंदाने, पुढे एका, दोन, चार सेकंदांच्या अंतराने पुनःपुन्हा निघे, आणि संहितेत ठरलेली 32 सेकंदांची मुदत भरताच एक्स्चेंज कॉल संपवी. आपले उत्तर पोचलेच नाही, असेच त्या यंत्राला वाटत होते, आणि त्याच्या बाजूने पाहिले तर ते रास्तच होते.

सार्वजनिक पत्त्याची एक ओळ वाढवून बरेचसे काम भागले असते. मला ते मान्य नव्हते. बऱ्याच शाखांत 192.168.1.20 हाच पत्ता होता, तर काही शाखा लीज्ड लाइनने थेट कचेरीशी जोडलेल्या असूनही अंतर्गत जाळ्यांच्या यादीत त्यांची नोंद नसल्याने त्यांनाही बाहेरचा पत्ता दिला जात होता. अशा परिस्थितीत नुसत्या आकड्यांवरून काहीच ठरत नाही, तो आकडा कोणत्या इलाख्यातून आला हे आधी ठरावे लागते. म्हणून सीमेवर सेशन बॉर्डर कंट्रोलर ठेवून कचेरी, लीज्ड लाइन आणि खुले इंटरनेट असे तीन इलाखे, म्हणजेच रिअल्म, आम्ही पाडले, प्रत्येकाला स्वतंत्र इंटरफेस आणि आवाजासाठी स्वतंत्र पोर्ट नेमून दिले, आणि एका रिअल्ममधील पत्ता दुसऱ्यात जाताना कॉन्टॅक्टपासून आवाजाच्या ओळीपर्यंत सर्वत्र बदलला जाईल असा बंदोबस्त केला. खुल्या इंटरनेटवरील फोनने लिहिलेल्या पत्त्यावर विसंबायचे नाही, त्याचा आवाज ज्या पत्त्यावरून प्रत्यक्ष येतो तिकडेच उत्तराचा आवाज पाठवायचा, असेही ठरवले. तिऱ्हाइताने मध्येच आपली पाकिटे घुसडू नयेत म्हणून ही सवलत त्या एकाच रिअल्मपुरती ठेवली.

शाखांच्या राउटरमधील, संदेशातील पत्ते स्वतःच बदलू पाहणारी एसआयपी एएलजी ही सोय मी आग्रहाने बंद करवली, कारण एकाच संदेशातील पत्ते दोन ठिकाणी बदलले जाऊ लागले की कोणी काय बदलले याचा छडा लागेनासा होतो. राउटर पत्ताबदलाची आपली नोंद थोड्याच वेळात विसरतो आणि मग पुण्याहून केलेला कॉल शाखेत वाजतच नाही, हे ध्यानी घेऊन बाहेरच्या फोनांची नोंदणी तासाऐवजी दर मिनिटाला सीमेवर नूतन व्हावी आणि एक्स्चेंजपर्यंत मात्र ती क्वचितच जावी अशी तजवीज केली. त्यानंतर त्या शाखाधिकाऱ्यांशी हिशेबाची सारी बोलणी फोनवरच पुरी होऊ लागली.