प्रकाशाचा पडदा

यंत्रदुरुस्ती म्हणजे बंद पडलेले यंत्र पुन्हा सुरू करणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वसई पूर्वेकडील औद्योगिक वसाहतींत विजेची व यंत्रांची देखभाल करीत असता आमची मात्र एका अशा उपकरणाशी वारंवार गाठ पडली, की ज्याचे कामच मुळी यंत्र थांबविणे हे आहे. कारागीर त्याला नुसते ‘सेन्सर’ म्हणतात. त्याचे पूर्ण नाव ‘सेफ्टी लाइट कर्टन’, म्हणजे सुरक्षेसाठी उभारलेला प्रकाशाचा पडदा.

पत्रा दाबणाऱ्या पॉवर प्रेसच्या तोंडाशी दोन खांब समोरासमोर उभे असतात. एका खांबातून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण निघतात आणि दुसरा ते टिपतो. जेथे बोटांना धोका असेल तेथे १४ मिलिमीटर जाडीची वस्तूही ओळखणारा पडदा लावतात. किरण अडला की क्लच सुटतो, ब्रेक लागतो आणि खाली येणारा रॅम वाटेतच थांबतो. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेल्यास कमाईची शक्ती ३० टक्क्यांनी व तर्जनी समूळ गेल्यास १४ टक्क्यांनी घटते, असा हिशेब मांडला होता. ज्या घरात असा हात परत येतो, त्या घराचे नुकसान कोणत्याही तक्त्यात मावत नाही.

एका हिवाळ्यात आम्हांला एका लहान कारखान्यातून बोलावणे आले. प्रेसवरचा तरुण कारागीर त्रासलेला होता.

“साहेब, रोज साडेचारनंतर मशीन मध्येच थांबते. नग भरत नाहीत. तुम्ही तो सेन्सर बायपास करून द्या. आम्ही हात सांभाळून काम करू.”

“भाऊ, तुम्ही सांभाळाल हो; पण पाळीच्या शेवटी दमलेला हात तुमचे ऐकेल का?” आम्ही विचारले. तो काही बोलला नाही. पण बाजूलाही झाला नाही. नग कमी भरले तर बोलणी त्यालाच खावी लागत होती.

पडदा उगाच यंत्र थांबवू लागला, की आम्ही एका ठरावीक क्रमाने जातो. प्रथम खांबांवरचे दिवे पाहतो. मग काचा मऊ, स्वच्छ कापडाने पुसतो, कारण तेलाचा पातळ थरही किरणांना मंद करतो. थिनर मात्र तेथे कदापि लावू नये. त्याने प्लास्टिकची काच कायमची धुरकट होते. नंतर दोन्ही खांब सरळ व समांतर आहेत का, प्रेसच्या हादऱ्यांनी बोल्ट सैल झाले आहेत का, वायरींचे जोड घट्ट आहेत का, हे तपासतो. जवळ वेल्डिंग चालले असेल किंवा शेजारच्या प्रेसचे किरण या खांबावर येत असतील, तरीही पडदा गोंधळतो. एवढे करून हिरवा दिवा लागला व तरीही प्रेस चालू होत नसेल, तर पॅनलमधील एखाद्या कॉन्टॅक्टरचे टोक चिकटले असण्याचा संभव असतो.

येथे सारे ठीक होते. उत्तर वेळेतच दडलेले होते. साडेचारच्या सुमारास पश्चिमेच्या शटरमधून उतरते ऊन थेट किरण टिपणाऱ्या खांबावर पडत होते. आम्ही दोन्ही खांबांची अदलाबदल केली. आता टिपणाऱ्या खांबाची पाठ उन्हाकडे झाली आणि तक्रार मिटली.

परंतु खरी गोष्ट पुढेच आहे. काम संपल्यावर आम्ही १४ मिलिमीटर जाडीची चाचणीची काठी पडद्यातून वरून खाली सावकाश फिरविली. काठी पडद्यात असेपर्यंत दिवा सतत लाल राहिला पाहिजे. तळाशी येताच तो हिरवा झाला! माल घसरून यावा म्हणून नुकताच तेथे चकचकीत स्टीलचा पत्रा बसविलेला होता. किरण त्यावरून परावर्तित होऊन काठीला वळसा घालून पलीकडे पोहोचत होते. तेथे बोट असते, तरी प्रेस थांबली नसती. ज्या दोषाने यंत्र थांबत होते त्याची ओरड रोज होत होती. ज्या दोषाने हात गेला असता, त्याची तक्रार एकानेही केली नव्हती. तो पत्रा आम्ही तत्काळ काढावयास लावला.

अंतराचेही तसेच आहे. हात सेकंदाला २ मीटर वेगाने पुढे येतो असे धरून गणित करतात. थांबण्यास एकूण ०.१५ सेकंद लागत असतील, तर असा पडदा धोक्याच्या जागेपासून निदान ३०० मिलिमीटर दूर हवा. ब्रेक झिजून तीच वेळ ०.२ सेकंद झाली, तर ४०० मिलिमीटर लागतात. खांब जागचे हललेले नसतात, तरीही संरक्षण अपुरे पडलेले असते. आणि ज्या जुन्या प्रेसचा क्लच एकदा पकडला की पूर्ण फेरा झाल्याविना सुटत नाही, तिला हा पडदा थांबवूच शकत नाही. तिच्या तोंडाला जाळीच हवी.

वाचकहो, आपल्या घरांतील अनेक मुले-मुली कारखान्यांत जातात. जेवणाच्या वेळी त्यांना पगार, बढती, ओव्हरटाइम यांविषयी आपण विचारतोच. त्यांच्यापैकी कोणी प्रेसवर असेल, तर आणखी एक प्रश्न जरूर विचारावा: “आज पाळी सुरू होण्यापूर्वी काठी फिरविली का?” उत्तर ‘नाही’ असे आले, तर दुसऱ्या दिवशी ते सुपरवायझरला विचारण्याचे बळ त्यांना घरातूनच मिळाले पाहिजे.