सहीवरची सही

तिसरं रेल्वे गेट मागं पडलं, की खानापूर रस्त्यावर उद्यमबागेचा वास यायला लागतो. मोल्डिंगची काळी वाळू, तापलेली बीड आणि लेथवर जळणारं कटिंग ऑइल, असा तिन्हीचा मिळून तो वास. तीस वर्षं मी त्या वासातच पोट भरलं. दोन लेथ, एक ड्रिल, एक जुनं मिलिंग आणि हाताखाली चार पोरं, एवढाच आमचा पसारा. शेजारच्या फौंड्रीतून ओतीव माल येतो, आम्ही त्याला बोअर मारतो, फेस काढतो आणि पुढं धाडतो.

आमच्या धंद्यात कागदाशिवाय लोखंड हलत नाही. मालाबरोबर टेस्ट सर्टिफिकेट जातं. त्यात कार्बन किती, सिलिकॉन किती, कठीणपणा किती, ते लिहिलेलं असतं आणि खाली तपासणाऱ्याची सही असते. ज्या मायक्रोमीटरनं माप घ्यायचं त्याचंही वेगळं सर्टिफिकेट असतं. त्यामुळं कागदाची मला कधी भीती वाटली नव्हती. ती पहिल्यांदा वाटली लेकीच्या लग्नाच्या कागदामुळं.

२०२३ च्या मे महिन्यात लग्न झालं. जावई नेदरलँड्समध्ये, आइंडहोव्हन गावात इंजिनिअर. रजा मोजकी. हळद निघाली नाही तोवर तो परत गेला आणि लेक मागं राहिली. तिला तिकडं जायचं तर लग्नाचा सरकारी दाखला हवा आणि त्यावर अपोस्टिल हवं. "अप्पा, अपोस्टिल करून घ्यायला पाहिजे," असं ती म्हणाली, तेव्हा मला ते एखाद्या गोळीचं नाव वाटलं.

आमचं लग्न १९९२ चं. नोंद वगैरे काही नाही. मांडवात चारशे माणसं जेवली, तीच नोंद. कायदा नव्हता असं नाही. लग्नं नोंदवायचा कर्नाटकचा कायदा १९७६ सालचा आहे. पण तो आमच्या गल्लीपर्यंत पोचला नव्हता. पुढं सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या लग्नांची नोंद सक्तीची व्हावी असा निकाल दिला, तो १४ फेब्रुवारी २००६ रोजी. तारीख बघून पोरं हसतात. न्यायमूर्तींनी ती मुद्दाम निवडली नसावी.

लेकीच्या लग्नाची नोंद मात्र रीतसर केली. लग्नपत्रिका, फोटो, वयाचे दाखले, तीन साक्षीदार. अर्ज मी भरला. माझं अक्षर चांगलं, असा माझा समज. दाखला आला. वर कानडी, खाली इंग्रजी. मला कानडी वाचता येतं, पण सावकाश, बोट ठेवून. सौ.ला ते अजिबात येत नाही. तिला मी मोठ्यानं वाचून दाखवायला लागलो : विवाह नोंदणी प्रमाणपत्र. वर. वधू. साक्षी. जिल्ले. तालुकु. सही. ती म्हणाली, "अहो, तुम्ही मराठीतच सांगालाय की!" मी म्हटलं, "बाई, कानडीच वाचतोय." खरंच, कचेरी, अर्जी, दाखले, नकलु, सगळी आपलीच माणसं. मधली क्रियापदं सोडली तर त्या कागदात परकं असं काही नव्हतं. ज्या दोन भाषांच्या पाट्यांवरून आमच्या गावात काचा फुटल्या, त्या इथं एका ओळीत मांडीला मांडी लावून बसल्या होत्या.

वाचता वाचता बोट इंग्रजीवर आलं आणि थांबलं. आमच्या आडनावात 'ळ' आहे. ते अक्षर मराठीला आहे, कानडीलाही आहे. इंग्रजीला नाही. त्यामुळं इंग्रजीत कुणी एक 'एल' घालतो, कुणी दोन. लेकीच्या पासपोर्टात एक आहे. दाखल्यात दोन होते. चूक कचेरीची म्हणावी तर अर्जाची झेरॉक्स घरात होती. त्यावर माझ्याच सुंदर अक्षरात दोन 'एल' होते. जन्मभर शंभराव्या मिलिमीटरचं माप सांभाळलं आणि लेकीच्या नावात एक अख्खं अक्षर जास्त सोडलं.

दुरुस्तीचा अर्ज, पासपोर्टची नक्कल, पुन्हा हेलपाटे. खिडकीवरचे साहेब सभ्य होते. "नाळे बर्री" म्हणायचे, उद्या या, आणि तेही हसून. त्या वर्षी अधिक श्रावण होता. लेकीच्या लग्नानंतरचा पहिलाच धोंड्याचा महिना, आणि जावई सात समुद्रांपलीकडे. सौ.नं तेहतीस अनारसे केले, त्यातले बरेचसे मी आणि लेथवरच्या पोरांनी खाल्ले. लेक रात्री फोनवर नवऱ्याशी बोलायची आणि उशिरापर्यंत गच्चीत बसायची. एका रात्री सौ. भांडी आवरताना म्हणाली, "खरं सांगा, मुद्दाम केलंत काय हो?"

"काय?"

"ते दोन एल. दिवाळसणापर्यंत पोर घरात राहावी म्हणून."

मी रागावलो. तावातावानं बोललो. पण अंथरुणावर पडल्यावर वाटलं, दुरुस्तीला इतके दिवस लागतायत याचा मला जितका त्रास व्हायला हवा होता, तितका होत नव्हता. सकाळी उद्यमबागेला निघताना ती डबा हातात द्यायची. आणखी महिनाभर देईल, हा हिशेब मी मनात कुठंतरी मांडला होता. पोरीचे मात्र दिवस जात नव्हते. ते मला दिसत होतं आणि तरी मी हिशेब मांडत होतो.

दुरुस्त दाखला आला, तेव्हा जावयानं फोनवरून नवी शंका काढली. लेकीच्या १९९५ च्या जन्मदाखल्यावर आणि पासपोर्टावर गाव 'बेलगाम'. लग्नाच्या दाखल्यावर 'बेळगावी'. तिथल्या पालिकेतल्या माणसाला ही दोन गावं वाटली तर? आधीच प्रतिज्ञापत्र करून ठेवलेलं बरं.

बाहेरच्या माणसाला वाटेल, एवढंच ना! पण माझे वडील १९५६ सालच्या ३१ ऑक्टोबरला रात्री मुंबई राज्यात झोपून १ नोव्हेंबरला सकाळी म्हैसूर राज्यात उठलेले. पुढं दर वर्षी त्या तारखेला दंडावर काळी फीत बांधायचे. २०१४ साली त्याच तारखेला बारा शहरांची नावं बदलली, त्यात आमचं बेळगावी झालं. वडील तेव्हा नव्हते, हे एका परीनं बरंच. इंग्रजांच्या 'बेलगाम'वरूनही ते चिडायचे. "लगाम नसलेलं म्हणे! घोडा आहे काय आमचं गाव?"

कोर्टाच्या आवारात नोटरीपुढं लेक बसली. कागद इंग्रजीत टाइप झाला होता : 'बेलगाम' आणि 'बेळगावी' ही एकाच शहराची नावं आहेत, असं मी शपथेवर सांगते. मी दोनदा वाचला. कागदात 'बेळगाव' कुठंच नव्हतं. आम्ही घरात, बाजारात, एस्टीत, वर्तमानपत्रात जे म्हणतो, ते गाव शपथेत मोडत नव्हतं. मी पेन हातात धरून तसाच उभा. लेक म्हणाली, "अप्पा, एकच की गाव. द्या इकडं." आणि पेन घेऊन तिनं सही ठोकली. तिला त्यात काही जड गेलं नाही. मला आधी वाईट वाटलं. मग जिना उतरताना ते कमी झालं.

पुढचा रस्ता बेंगळूरचा. दाखला ज्या राज्यात निघाला, त्या राज्याच्या राजधानीत त्याची शहानिशा व्हावी लागते. आमच्याकडच्या एका टर्नरचं लग्न सासुरवाडीला, चंदगड तालुक्यात झालेलं आणि तिथंच नोंदलेलं. त्याच्या बायकोचा कागद म्हणून मुंबईला मंत्रालयात गेला. शिनोळी आमच्यापासून अर्ध्या तासावर आहे, पण मांडव तिकडे पडला की कागद वायव्येला पळतो आणि इकडे पडला की आग्नेयेला. त्या टर्नरला जायचं होतं दुबईला. यूएई अपोस्टिलच्या करारात नाही, त्यामुळं परराष्ट्र खात्याच्या शिक्क्यावर पुन्हा वकिलातीचा शिक्का त्याला घ्यावा लागला. नेदरलँड्सला तेवढं एक वाचतं. करारच मुळी तिथल्या हेग शहरात झालेला, ५ ऑक्टोबर १९६१ चा. आपल्या देशात तो १४ जुलै २००५ पासून लागू झाला. त्याआधी सगळ्यांनाच वकिलातीच्या दारात उभं राहावं लागायचं.

राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्री निघालो. फाइल उशाखाली. पोस्टानं, एजंटाकडून होतं, लोक तसंच करतात. पण चुकीचं प्रायश्चित्त म्हणा, मी स्वतः गेलो. सकाळी विधानसौध बघितला. इमारत १९५६ ची, म्हणजे आमचं राज्य बदललं त्याच वर्षाची. तिच्यावर कोरलंय, 'सरकारी काम म्हणजे देवाचं काम'. देवाचं म्हटल्यावर नवसाला किती वर्षांनी पावेल, असं मनात आलं खरं. आमचं मात्र वेळेत झालं. गृहखात्याची सही झाली. परराष्ट्र खातं कागद थेट आपल्या हातून घेत नाही, नेमलेल्या एजन्सीकडं द्यावा लागतो, तो दिला आणि परतलो. खात्याची फी कागदाला पन्नास रुपये. खरा पैसा गेला तो प्रवासात आणि एजन्सीत.

गणपतीच्या आधी फाइल कुरिअरनं आली. दाखल्याच्या पाठीवर एक चौकोनी स्टिकर. मथळा फ्रेंच भाषेत, खाली दहा मुद्दे. मी भिंग घेऊन बसलो. देश कुठला, सही कुणाची, तो कुठल्या पदावर, शिक्का कुणाचा, मग ठिकाण, तारीख, नंबर. तो नंबर टाकून जगात कुठूनही कागद तपासता येतो. दहाही मुद्दे वाचून झाले, तरी लग्नाबद्दल त्यात एक अक्षर नाही! लेकीला विचारलं. ती म्हणाली, "अप्पा, अपोस्टिल एवढंच सांगतंय, की सही करणारा खरा आहे. आत काय लिहिलंय त्याची हमी ते घेत नाही."

मला आमचं टेस्ट सर्टिफिकेट आठवलं. तिथं माणूस निदान लोखंडाचा तुकडा घासून बघतो. इथं बीड कशी आहे ते कुणी विचारतच नाही. तपासणाऱ्याची सही खरी, त्या सहीवरच्या साहेबाची सही खरी, तिच्यावर दिल्लीच्या खात्याची. सहीवर सही चढत हेगपर्यंत जाते. आणि खाली, अगदी तळाला, मांडवात अक्षता टाकलेले तीन साक्षीदार : माझा मेहुणा, जावयाचा चुलता आणि आमच्या गल्लीतली एक म्हातारी मावशी, जिनं अंगठ्याऐवजी मोडीसारख्या वळणात नाव लिहिलं होतं. लग्न झालं हे बघितलेली माणसं तेवढीच.

व्हिसा आला तोवर दसरा तोंडावर. खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये लेथ धुऊन पुसून झेंडू बांधले, व्हर्नियर, मायक्रोमीटर पाटावर मांडले. सौ.नं ती प्लॅस्टिकची फाइलही आणून त्यांच्या शेजारी ठेवली आणि तिच्यावर हळदकुंकू वाहिलं. "कागदावर नको हं आई, डाग पडेल," लेक ओरडली. कुंकू प्लॅस्टिकवरच पडलं होतं. ते तिनं पुसलं नाही, तसंच घेऊन गेली. दिवाळीला ती आइंडहोव्हनमध्ये होती. दिवाळसण फोनवर झाला. पालिकेत नोंद झाली म्हणाली. गावाबद्दल कुणी काही विचारलंसुद्धा नाही. प्रतिज्ञापत्र फाइलमधून बाहेरच निघालं नाही.

पाडव्याला ओवाळून झाल्यावर सौ. म्हणाली, "आता आपलं काय?"

"आपलं काय म्हणजे?"

"उद्या पोरीनं आपल्याला बोलावलं, तर आपण नवराबायको म्हणून दाखवायला काय आहे आपल्याजवळ?"

ट्रंकेतून १९९२ ची लग्नपत्रिका काढली. पिवळी पडलेली, कोपऱ्यात गणपती, खाली ठळक 'बेळगाव'. साक्षीदार शोधायला बसलो. मेहुणा आहे. मावशी आहे, पण तिला आता जिना चढवत नाही. तिसरं नाव आठवेना, जे जे आठवलं ते गेलेलं निघालं. गेल्या आठवड्यात कचेरीतून अर्ज आणलाय. आडनावाचा रकाना मी रिकामा सोडलाय. तो सौ. भरणार आहे, पासपोर्ट समोर ठेवून.