मामाचा डोंगर आणि हिरवा लेसर

गेल्या शनिवारी वरंधा घाट उतरून आजोळी गेलो होतो. आमचं आजोळ महाड तालुक्यात, तळीयेपासून फार लांब नाही. घराच्या मागेच डोंगर. लहानपणी त्या डोंगराचं केवढं कौतुक! आता मात्र पोचल्या पोचल्या नजर जाते ती उतारावर नवी भेग दिसतेय का, याकडे.

२२ जुलै २०२१ ला तळीयेत दरड कोसळली. कोंढाळकरवाडी गाडली गेली, ८० हून जास्त माणसं गेली. त्याच सुमारास वर महाबळेश्वरला २४ तासांत ५९० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता. त्याआधी जुलै २००५ मध्ये जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते. म्हणून मी दरवेळी मामाला सांगतो, घर हलवूया. मामाचं उत्तरही ठरलेलं, "अरे, चार पिढ्या इथे राहिल्या. डोंगर कधी खाली आला नाही."

या वेळी मात्र जेवताना त्यानेच विचारलं, "तुम्ही एवढे शिकलेले. हा डोंगर त्याच्याही आधी कधी पडला होता का, हे कळतं का रे कशावरून?"

मी पडलो कोड लिहिणारा माणूस, काय सांगणार? पण प्रश्न डोक्यातून जाईना. रविवारी पुण्याला परतल्यावर वाचत बसलो, आणि उत्तर सापडलं ते भलत्याच ठिकाणी. ऋण आयन आणि लेसर!

तर गंमत अशी आहे. मोठ्या दरडीबरोबर अवाढव्य धोंडे खाली येतात. तोवर ते डोंगराच्या पोटात असतात. उघड्यावर आले की अवकाशातून येणाऱ्या किरणांचा मारा सुरू होतो. आपल्या काळ्या दगडातल्या कॅल्शियम, पोटॅशियमच्या एखाद्या अणूचा त्यामुळे क्लोरीन-३६ बनतो. तो जितका जास्त साठलेला, तितका धोंडा जास्त वर्षं ऊन-पाऊस खात पडलेला. म्हणजे दगडातच घड्याळ!

अडचण आहे ती मोजण्याची. लाख कोटी क्लोरीन अणूंमागे असा एखादाच, कधी त्याहूनही विरळा. त्यात गंधक-३६ नावाचा एक तोतया. वजन जवळजवळ तेवढंच, त्यामुळे वजनावरून अणू वेगळे करणारं यंत्र फसतं.

म्हणून सुरुवातीलाच अणूंना ऋण आयन बनवतात. नमुन्यावर सीझियमचा मारा केला की बाहेर पडणाऱ्या काही अणूंना एक जादा इलेक्ट्रॉन चिकटतो. (याच स्रोतावर लेसर टाकला तर ऋण आयन जास्त निघतात, असं फिनलंडमधल्या प्रयोगांत दिसलंय.) आरगॉन-३६ ला इलेक्ट्रॉन धरून ठेवताच येत नाही, तो इथेच बाद. गंधक मात्र टिकतो.

मग काय करायचं? एक रस्ता म्हणजे प्रचंड वेग. मुंबईत कुलाब्याला टीआयएफआरच्या आवारात १९८८ च्या अखेरीस सुरू झालेलं 'पेलेट्रॉन' आहे, बीएआरसी आणि टीआयएफआर दोघांचं. ऋण आयन १ कोटी ४० लाख व्होल्टपर्यंतच्या धन टोकाकडे खेचले जातात, तिथे त्यांचे इलेक्ट्रॉन काढून घेतात, आणि आता धन झालेले तेच आयन पुढे ढकलले जातात. एकाच व्होल्टेजचा दोनदा फायदा! एवढ्या वेगात क्लोरीन आणि गंधक वायूतून जाताना वेगवेगळी ऊर्जा गमावतात, तिथे तोतया पकडला जातो. क्लोरीन-३६ मोजण्याचं काम या यंत्रावर झालेलं आहे.

दुसरा रस्ता मला जास्त आवडला. व्हिएन्नाचं यंत्र लहान, ३० लाख व्होल्टचं. तिथे ऋण आयन आधी हेलियम वायूत जवळजवळ थांबवतात आणि त्यांच्यावर हिरवा लेसर सोडतात. आपण मीटिंगमध्ये फिरवतो त्या हिरव्या पॉइंटरचाच रंग, ५३२ नॅनोमीटर, शक्ती अर्थात कितीतरी जास्त. त्याच्या एका फोटॉनची ऊर्जा २.३३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. गंधकाने आपला जादा इलेक्ट्रॉन धरलेला असतो २.०८ ने, क्लोरीनने ३.६१ ने. गंधकाचा इलेक्ट्रॉन सुटतो, तो ऋण राहत नाही आणि बाहेर पडतो. क्लोरीनला धक्काही नाही. तोतये अब्जावधी पटींनी कमी! इतकी स्वच्छ 'इफ' कंडिशन मी दहा वर्षांत लिहिलेली नाही.

अर्थात हे घड्याळ मागचं सांगतं, पुढची तारीख नाही. पण पायथ्याच्या धोंड्यांची वयं वेगवेगळ्या काळातली निघाली, तर तो डोंगर पुन्हा पुन्हा आलेला आहे, एवढं नक्की.

काल रात्री मामाला फोन करून हे सगळं सांगितलं. लेसर वगैरे वगळून. म्हटलं, "मामा, आपल्या मागच्या परसातला तो मोठा धोंडा, ज्यावर आजी वाल सुकवायची, तो कुठून आला असेल?"

बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग म्हणाला, "तो तर आमच्या आज्याच्याही आधीपासून आहे."

"तेच म्हणतोय मी."

"...मेच्या अखेरीस गाडी घेऊन ये. पावसाळ्यापुरतं सामान हलवू."