भुऱ्याचं अंथरूण

भुऱ्याचं नाव ठरायला वेळ लागला नाही. रंग भुरा, म्हणून भुऱ्या. खाणार काय, तेही ठरलेलंच होतं: ज्वारीच्या भाकरीचा दुधातला काला. वाद झाला तो एकाच गोष्टीवरून, की यानं रात्री झोपायचं कुठं. तो वाद आमच्या घरात वर्षभर चालला. कारण दर दोन-तीन महिन्यांनी पिल्लाचं वेगळंच कुत्रं होऊन बसायचं आणि आधीचा निवाडा आपोआप रद्द व्हायचा.

आमचं गाव हिंगोली जिल्ह्यात, वसमत आणि औंढा नागनाथ यांच्या मधल्या पट्ट्यात. २०२३ च्या पोळ्याच्या आसपास अण्णांनी हे पिल्लू शिवशेजाऱ्याच्या आखाड्यावरून आणलं. आखाडा म्हणजे शेतातला निवारा. गोठा, अवजारं, कडब्याची गंजी आणि एक बाज, एवढा त्याचा संसार. रानडुकरं हरभऱ्यात शिरतात, रोह्यांचे कळप कोवळं पीक खाऊन जातात, म्हणून राखणीला कुत्रं हवं होतं. त्यामुळे अण्णांच्या लेखी प्रश्नच नव्हता. "शेतातलं कुत्रं शेतात झोपतंय. त्याला काय विचारायचं?"

आजीचा नियम त्याहून जुना होता. कुत्रं उंबऱ्याच्या आत येत नसतं. माझ्या बहिणीनं तिला नामदेवाची आठवण करून दिली. नरसी आमच्याच जिल्ह्यातली, कयाधूच्या काठची. कुत्र्यानं कोरडी भाकर पळवली, तर तुपाची वाटी घेऊन नामदेव महाराज त्याच्यामागं धावले, ही गोष्ट आजीनंच आम्हाला लहानपणी सांगितलेली. आजीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तूप दिलं नामदेवानं. अंथरूण नाही दिलं."

पहिल्या रात्री भुऱ्याला गोठ्याच्या दारात ठेवला आणि गावातल्या निम्म्या लोकांना कळलं की आमच्याकडं पिल्लू आलंय. दुसऱ्या दिवशी जंताचं औषध आणायला पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो, तेव्हा डॉक्टरांना सांगितलं. ते हसले. पिल्लू दोन महिन्यांचं होईपर्यंत आईजवळ असलेलं बरं, हे दीड महिन्याचंच दिसतंय, म्हणाले. आजवर ते भावंडांच्या ढिगात झोपलं. आता अंगाला अंग लागत नाही म्हणून रडतंय. त्याला थोडे दिवस माणसाच्या श्वासाच्या अंतरावर झोपवा. आणि रात्री एकदा-दोनदा उठून बाहेर न्या. जितक्या महिन्यांचं पिल्लू, साधारण तितकेच तास ते लघवी धरू शकतं. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, तोवर गावातल्या मोकाट कुत्र्यांत सोडू नका.

डॉक्टरांचा शब्द म्हटल्यावर आजीनं एक पायरी खाली यायचं कबूल केलं. उंबऱ्याच्या आत नाही, पण ओसरीवर चालेल. टमाट्याचं रिकामं कॅरेट आलं, त्यात दुमडलेलं बारदान, आणि त्यावर एक जुनं लुगडं. ते लुगडं कुणी टाकलं, हे घरात कुणी बोललं नाही. कॅरेट माझ्या बाजेखाली ठेवलं. रात्री कुंईकुंई सुरू झाली की मी हात खाली सोडायचो, तो बोट चोखत झोपून जायचा. माझी झोप मोडायची, पण सोयाबीनच्या काढणीत तशीही कुणाची झोप पुरी होत नाही.

दिवाळी झाली तेव्हा तो कॅरेटमधून उडी मारायला लागला आणि ओसरीवर काय काय असतं, ते त्याला कळलं. दुधाचे दात पडून नवे येण्याचे दिवस. अण्णांची वहाण गेली, बहिणीच्या दप्तराचा पट्टा गेला, पंपाच्या वायरीचा एक तुकडा गेला. नशीब, तो तुकडा जोडलेला नव्हता. अण्णांना मुद्दा मिळाला. एका रात्री गव्हाला पाणी द्यायला निघाले, तेव्हा त्याला सोबत घेऊन गेले. आईनं बिबट्याची भीती घातली. बिबट्या दिसल्याची बातमी दर हिवाळ्यात कुठून ना कुठून येतेच, आणि बिबट्याला कुत्र्यासारखं सोपं भक्ष्य नाही. अण्णा म्हणाले, "मी हाय ना संगं." पहाटे परतले तेव्हा घोंगडीच्या आत, छातीशी, भुऱ्या. रात्रभर त्यानं कोल्हेकुईला ओरडून उत्तर दिलं आणि प्रत्येक उत्तरानंतर अण्णांच्या पायात घुसला, असं त्यांनीच सांगितलं. त्या दिवसापासून शेतातल्या कुत्र्याचा विषय अण्णांनी काही महिने काढला नाही.

मग गोठा. आमची लाल कंधारी गाय स्वभावानं गरीब, तिची कालवड त्याच्याहून खोडकर. थंडीत तो गाईच्या कुशीला जाऊन झोपू लागला, आणि मला वाटलं प्रश्न मिटला. पण पंधरवड्यात कानामागं, बोटांच्या बेचक्यात गोचीड दिसायला लागले. ते काढत बसणं म्हणजे रोजचं एक काम होऊन बसलं. गोठा बंद.

फेब्रुवारीत हळद निघाली आणि भुऱ्याची झोप अंगणात गेली. ज्यांनी हळदीचं काम पाहिलेलं नाही, त्यांना सांगायला हवं: कंद काढले की ते कुकरमध्ये वाफेवर शिजवतात, आणि कुकर भाड्याचा असल्यामुळं नंबर आला की मध्यरात्रीही लागतो. शिजलेली हळद उन्हात पसरायची, उलथत राहायची, दोन-अडीच आठवडे. मग पॉलिश, मग वसमतचा नाहीतर हिंगोलीचा मोंढा. या दिवसांत वर्षाचा पैसा अंगणात उघडा पडलेला असतो. भुऱ्याला चुलवणाजवळची ऊब सापडली आणि पुढं हळदीच्या पसाऱ्याची कड. दिवसभर त्याचे पंजे पिवळे, पोट पिवळं, खंडोबाचा भंडारा अंगावर उधळल्यासारखा. आईला धास्ती एकच. "लोकं खाणार हायेत ही हळद. त्यानं पाय वर केला म्हणजे?" पाय वर करायचं वय आलंच होतं. मी त्याला दर दोन तासांनी पांदीकडं नेऊन आणायला लागलो. हिशेबाच्या वहीत माझी ही मजुरी कुठंच धरली गेली नाही. वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळाल्याच्या बातम्या त्याच सुमाराला आल्या. पेपरात वाचून अण्णा म्हणाले, आपल्या हळदीत कुत्र्याचा पहारा पण धरा म्हणावं.

२१ मार्च २०२४. सकाळी सहा वाजून आठ मिनिटं. आधी जमिनीतून आवाज आला. तो आमच्या भागाला नवीन नाही, वसमत, औंढा, कळमनुरीच्या गावांत असे आवाज कित्येक वर्षं येतात. मग बाज हलली, पत्रा थडथडला, स्वयंपाकघरात भांडी पडली. दहाएक मिनिटांनी दुसरा धक्का. पहिला ४.५ रिश्टरचा, दुसरा ३.६ चा, हे नंतर कळलं.

पुढं कितीतरी दिवस जो भेटेल तो विचारायचा: कुत्र्याला आधी कळलं असेल ना? भुंकला का? रडला का? लोकांना 'हो' ऐकायचं असायचं, आणि मला त्यांची निराशा करावी लागायची. भुऱ्या ताडपत्रीवर चारी पाय पसरून घोरत होता. भांडी पडल्यावर तो जागा झाला आणि सरळ आमच्याकडं धावत आला, आम्हीच काही केलं असणार अशा नजरेनं.

आजीनं मात्र त्या सकाळी निकाल दिला. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट तिला आठवते. दगडमातीच्या जाड भिंतींनीच माणसं चिरडली, हे तिनं तेव्हापासून धरून ठेवलेलं. पत्र्यांवर वजनाला ठेवलेले दगड काढून घ्या, असं प्रशासनानं सांगितलं, आणि दुपारभर गल्लीत सगळे शिड्या लावून दगड उतरवत होते. संध्याकाळी आजीनं स्वतःची बाज अंगणात काढायला लावली. हळदीच्या कडेला, भुऱ्याच्या ताडपत्रीशेजारी. आई म्हणाली, "आत्याबाई, कुत्रं हाय तिथं." आजी म्हणाली, "असू दे. त्याच्या डोक्यावर पत्रा नाही."

हळूहळू सगळे बाहेर आले. चारपाच बाजा, मधे हळद, आणि भुऱ्या रात्रभर एकेकाच्या बाजेखालून हजेरी घेत फिरणार. भीती आठवड्यात ओसरली, उन्हाळा लागला म्हणून आम्ही बाहेरच राहिलो. आजीचा हात रात्री खाली लोंबायचा. त्याला बोट चोखायचं वय राहिलं नव्हतं, तो नुसता नाक लावून झोपायचा.

पावसाळ्यात आजी ओसरीवर आली आणि तो तिच्यामागं आला. कुणाला विचारलं नाही, कुणी हाकललं नाही. १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमाराला पुन्हा ४.५ चाच धक्का बसला, तेव्हा तो तिच्या पायाशी होता. याही वेळी झोपेतच.

आता तो पुरा वाढलाय, छाती रुंद झालीय, आणि डुकरामागं धावताना कोल्ह्याचं भय त्याला राहिलेलं नाही. त्याच्या झोपेची जागा सध्या वीजवाले ठरवतात. शेतीची लाईट काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्रीची असली की अण्णा बॅटरी उचलतात आणि तो त्यांच्या पुढं निघतो. पाणी चालू असेपर्यंत बांधावर, मग आखाड्यावरच्या बाजेखाली. दिवसाची असली की ओसरीवर, आजीजवळ. गोंधळ होतो तो वेळापत्रक बदलतं त्या रात्री. जेवण झालं की तो पांदीपर्यंत जातो, वळून पाहतो, परत येतो, पुन्हा जातो. अण्णा पांघरूण डोक्यावर ओढून घेतात आणि आतून आईचा आवाज येतो, "अहो, त्याला सांगा तरी, आज लाईट नाही म्हणून!"