हेड उतरल्यावर काय बदलावे

हेड गॅस्केट स्वतः फारसे महाग नसते. महाग असते ती तेथवर पोहोचण्याची मजुरी. इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरील हेड यांच्यामध्ये बसणारा हा पातळ थर ज्वलनाचा दाब, ऑइल आणि पाणी यांना एकमेकांपासून वेगळे ठेवतो. तो निकामी झाला की रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, कोठेही न गळता पाणी कमी होते, कधी ऑइल दुधट होते. पण हेड उतरल्यावर आतील प्रत्येक भाग बदलावासा वाटू लागतो आणि खरा हिशेब तेव्हा सुरू होतो.

मंचरच्या एका व्यापाऱ्यांपुढे ऐन उन्हाळ्यात हाच हिशेब उभा राहिला. त्यांची लहान मालवाहू गाडी घोडेगाव, डिंभे करीत आहुप्याला जाते. जाताना किराणा, येताना बाळहिरडा. पूर्वी आहुपे घाटाच्या पायवाटेने मुरबाडकडे ये-जा चाले. आता सारे गाडीवर अवलंबून आहे. हिरड्याच्या त्या थोड्या आठवड्यांत गाडी आली नाही, तर वाड्यावस्त्यांवरच्या घरांना वजन होऊन मिळणारे रोख पैसे अडकतात. वर्षभराचे कपडेलत्ते, बी-बियाणे त्यातूनच व्हायचे असते.

मिस्त्री म्हणाले, “शेठ, हेड उतरलंच आहे, तर पिस्टन, रिंगा, बेअरिंग सगळंच नवीन टाकू.” धाकट्या बंधूंचे मत उलट होते: गॅस्केट तेवढे बदलावे, हंगाम निघू द्यावा. एकाने यादी वाढवली, दुसऱ्याने दिवस मोजले. गॅस्केट गेले कशाने, हे दोघांनीही विचारले नाही. व्यापाऱ्यांनी ते चालकाला विचारले. तो आहुप्याकडचाच. बराच वेळ खाली पाहून तो म्हणाला, “शेठजी, महिनाभर चढावर काटा वर जायचा. मी ओढ्याचं पाणी घालत होतो. सांगितलं असतं तर खेप बंद झाली असती, माझा रोजही.”

त्या एका वाक्याने निम्मी यादी ठरली. साध्या पाण्याने कूलंट पातळ होते, आत गंज आणि क्षार साचतात. रेडिएटर उघडला तेव्हा नळ्या अर्ध्या बुजलेल्या होत्या. तो तसाच ठेवून नवे गॅस्केट बसवणे म्हणजे बुडीत खात्यावर पुन्हा कर्ज देणे. रेडिएटर साफ झाला, फुगलेले होज बदलले. वॉटर पंपाचा दांडा हलत होता, म्हणून पंपही नवा घेतला. थर्मोस्टॅट काढूनच टाकण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. त्याने इंजिन योग्य तापमानाला येण्यास वेळ लागतो आणि डिझेल अधिक जळते. नवा थर्मोस्टॅट बसवला.

हेड मात्र डोळ्यांनी तपासता येत नाही. सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने त्याचा बाक मोजावा लागतो, आणि येथे मिलिमीटरच्या दहाव्या भागाचाही फरक मोठा ठरतो. लेथवाल्याकडे दाब देऊन तडा नाही याची खात्री करून घेतली, मग हलके फेसिंग केले. त्या इंजिनाचे हेड बोल्ट आवळताना ताणले जाणारे होते. असे बोल्ट पुन्हा वापरू नयेत, म्हणून संपूर्ण संच नवा घेतला. बंधूंना हा खर्च सर्वांत निरर्थक वाटला. वस्तुतः तोच सर्वांत आवश्यक होता. व्हॉल्व्ह सील आणि नोझलखालचे तांब्याचे वायसर स्वस्त, पण नंतर बदलायचे तर मजुरी पुन्हा मोजावी लागते, तेही बदलले. अनेक डिझेल इंजिनांची गॅस्केटे दोन-तीन जाडींची असतात. जुन्यावरच्या खुणा पाहून आणि पिस्टन किती वर येतो हे मोजून योग्य जाडीचे गॅस्केट घेतले.

पिस्टन, रिंगा यांना हात लावला नाही. सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे नव्हते, मापे मर्यादेत होती. ऑइल दुधट झाले नव्हते, त्यामुळे बेअरिंग उघडण्याचे कारणही उरले नाही. ऑइल आणि फिल्टर तेवढे बदलले. मिस्त्री जरा नाराज झाले, पण मापे त्यांच्याच हातची होती.

तीन दिवस खेप थांबली. दुसऱ्याची गाडी भाड्याने पाठवून व्यापाऱ्यांनी हिरडा उचलला आणि चालकाला त्या तीन दिवसांचा रोज दिला. काढलेले सर्व भाग एका पोत्यात घालून त्यांनी परत मागून घेतले. चोपडीत किलोमीटर लिहिले, आणि गाडीत कूलंटचा एक डबा ठेवला. चालकाला एवढेच सांगितले, की काटा वर गेला तर गाडी तेथेच उभी करायची आणि फोन करायचा. खेपेचे काय ते आपण पाहू.